थ्री नॉट थ्री ते ५.५६ : काडतुसाचं माप कोण ठरवतं?

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली काही वाक्यं मुद्दाम तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय तसा बोटाएवढा आहे. म्हणजे खरंच बोटाएवढा. काडतूस.

वर्तमानपत्रात तुम्ही एक वाक्य शंभरदा वाचलं असेल : ‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त.’ त्याच बातमीत पुढे ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असंही येतं. आपण वाचतो आणि पान उलटतो. पण काडतूस म्हणजे गोळी का? पुंगळी म्हणजे काय? आणि त्या .३०३, ७.६२, ५.५६ या आकड्यांचा अर्थ काय? आकडा मोठा म्हणजे गोळी जास्त जीवघेणी, असं सरळ गणित आहे का?

नाही. आणि ते का नाही, हे सांगताना इतिहासच सांगावा लागतो. कारण कुणाच्या बंदुकीत कोणत्या मापाचं काडतूस जाईल, हे या देशात बराच काळ भौतिकशास्त्राने कमी आणि भीतीने जास्त ठरवलं.

आधी शब्द. ‘काडतूस’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलं, ‘कार्तुशु’वरून. पिस्तूलही तिथूनच. त्याआधीची बंदूक ठासणीची. दारू वेगळी, गोळी वेगळी, रंजक वेगळी. दारू मोजून नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची. मोजमाप शिपायाच्या हातात. काडतुसाने ते हातातून काढून घेतलं : एका बाराला लागेल तेवढी दारू आणि एक गोळी आधीच कागदात गुंडाळून ठेवलेली. आजच्या पितळी काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे गोळी, आत दारू, मागे बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. चाप ओढला की गोळी जाते, पुंगळी मागे राहते. म्हणून पोलिसांना सापडते ती पुंगळी.

आता आकडे. .३०३ म्हणजे इंचाचे ३०३ हजारांश. पण हे माप गोळीचं नाही, नळीचं आहे. नळीला आतून पिळाचे आटे असतात, गोळीला फिरकी देण्यासाठी. आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर .३०३ इंच. गोळी त्याहून किंचित जाड, .३११ इंचाच्या आसपास, म्हणजे ती आट्यांत रुतत जाते. .३८ स्पेशल नावाचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस घ्या, त्याची गोळी .३५७ इंचांची आहे. तिथे नाव जुन्या काळच्या दुसऱ्याच मापावरून चिकटलंय. आणि आपल्या कोकणात डुकरं-वानरं हाकायला शेतकरी परवान्यावर जी बारा बोरची बंदूक ठेवतात, तिचा बारा हा आकडा तर इंचही नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल, ती बारा बोर. म्हणून इथे आकडा वाढला की भोक लहान होतं. सोळा बोर ही बारा बोरपेक्षा बारीक!

मिलिमीटरची पद्धत त्यातल्या त्यात शहाणी. ७.६२ × ५१ म्हणजे नळी ७.६२ मिलिमीटर, पुंगळीची लांबी ५१ मिलिमीटर. दुसरा आकडा लोक विसरतात, आणि सगळी गंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे. कारण एकच ‘७.६२’ नाव सांगणारी निदान तीन लष्करी काडतुसं आजही जगभर वापरात आहेत : ७.६२ × ३९, ७.६२ × ५१, ७.६२ × ५४. यातलं एकाचं दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. ‘सेव्हन सिक्स टू’ एवढंच सांगणं म्हणजे ‘माझी गाडी चार चाकांची आहे’ एवढं सांगण्यासारखं.

एवढी तयारी पुरे. आता १८५७.

कंपनीच्या शिपायाकडे तोवर होती ब्राउन बेस. नळी पाऊण इंच, आत गुळगुळीत, आटे नाहीत. गोळी नळीपेक्षा बरीच लहान, गजाने सहज खाली सरकणारी. शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. तिच्या जागी आली १८५३ची एनफिल्ड. नळी .५७७ इंच, आत आटे. गोळी लांबट, बुडाशी पोकळ. बार झाला की बूड फुगतं आणि गोळी आटे पकडते. नेम धरायची पट्टी थेट ९०० यार्डांपर्यंत आखलेली. केवढी झेप!

पण आटे असलेल्या नळीत कागदात गुंडाळलेली गोळी वरून खाली ठासायची तर ती अडकणार. शिवाय काळी दारू जळून नळीत काजळी साचते. म्हणून गोळीकडच्या टोकाला कागदावरून वंगण लावायचं. आणि काडतूस उघडायची कवायतीतली रीत होती दाताने तोडायची. एक हात बंदुकीला, एका हातात काडतूस, उरले दात. यंत्राच्या दृष्टीने इतका साधा मामला. पण वंगण कोणत्या जनावराच्या चरबीचं, हे कुणी नीट ठरवून दिलं नव्हतं. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एका खलाशाने ब्राह्मण शिपायाला टोमणा मारला, ‘आता तुमची जात कुठे राहणार,’ अशी कथा सांगितली जाते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली उत्तरेकडे यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले होते. महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून काडतुसांची ही हकिकत त्यांच्याही कानावर आली. म्हणजे एका काडतुसाचं वंगण रस्त्याने जाणाऱ्या भिक्षुकापर्यंत पोचलं होतं.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळी आहे. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांना काडतुसं घ्यायला सांगितलं. ८५ जणांनी नकार दिला. ९ मे रोजी त्यांना सगळ्यांसमोर बेड्या घातल्या, १० मे रोजी मेरठ पेटलं. पण ती काडतुसं एनफिल्डची नव्हतीच! ती त्यांच्या नेहमीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांची जुनी काडतुसं होती. तोवर सरकारने दाताऐवजी हाताने काडतूस फाडायची मुभाही दिली होती. उपयोग शून्य. विश्वास उडाला की नवं काडतूस आणि जुनं काडतूस यात फरक राहत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा मुद्दा नेहमी तळटीपेत जातो, तो जाऊ नये असं मला वाटतं. आणि १८५७चं कारण ‘फक्त काडतूस’ होतं असंही मी म्हणत नाहीये. खालसा झालेली संस्थानं, जमिनी, भत्ते, सगळं होतंच. पण हातात धरून दाखवता येईल असं कारण ते एकच होतं.

बंड मोडलं. मग इंग्रजांनी धडा काय घेतला? वंगण बदलायचा नव्हे. हिंदी शिपायाला गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पायरी मागे ठेवायचा. तोफखाना जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. हिंदी पलटणींसाठी दिसायला एनफिल्ड पण आतून आटे नसलेली बंदूक मुद्दाम बनवली गेली. म्हणजे विचार करा, आटे पाडायचं कसब हाताशी असताना ते पाडायचं नाही, एवढ्यासाठी वेगळं मॉडेल!

आणि पुढची चाळीसएक वर्षं हाच शिरस्ता. ब्रिटिश सैन्याला १८६६ साली मागून भरायची स्नायडर मिळाली. तिच्यासाठी वूलिचच्या बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचं काडतूस काढलं. दाताने तोडणं संपलं, वंगणाचा प्रश्नही संपला. १८७१ साली त्यांना आणखी चांगली मार्टिनी-हेन्री मिळाली. हिंदी शिपायाकडे स्नायडर आली ती साहेबाने खाली ठेवल्यावर.

याचा अर्थ रणांगणावर काय होतो ते २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात, कंदाहारजवळच्या मैवंदला दिसलं. एकाच ब्रिगेडमध्ये गोरी ६६वी पलटण, तिच्याकडे मार्टिनी-हेन्री. शेजारी आपल्या मुंबई लष्कराच्या दोन पलटणी, पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स, त्यांच्याकडे स्नायडर. दोन्ही काडतुसांच्या नावात ‘५७७’ आहे, बरं का. पण मार्टिनीचं काडतूस म्हणजे ५७७च्या पुंगळीला बाटलीसारखी मान काढून गोळी .४५० केलेली. पुंगळी लांब, दारू जास्त, गोळी सडपातळ, मार सरळ आणि लांब. स्नायडरचं जाडं, आखूड. त्यामुळे ऐन लढाईत शेजारच्याच्या पिशवीतली काडतुसं तुमच्या उपयोगाची नाहीत. मैवंदला ब्रिगेडची धूळधाण उडाली. त्याला एकटं काडतूस जबाबदार नव्हतं. शत्रूची संख्या, तोफा, पाण्याचा अभाव, चुकलेले निर्णय, बरंच होतं. पण जीव देताना मात्र कुणी एक पायरी मागे नव्हतं.

आता येतो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा गडी. थ्री नॉट थ्री.

१८८८ साली ब्रिटिशांनी .३०३ स्वीकारलं. सुरुवातीला आत काळीच दारू होती, दाबून बसवलेली. दोन-तीन वर्षांत कॉर्डाइट आलं, म्हणजे बिनधुराची दारू, दोऱ्यांच्या जुडीसारखी. हा बदल केवढा होता याची आज कल्पना येत नाही. काळ्या दारूचा बार काढला की पांढऱ्या धुराचा ढग उठतो, शत्रूला तुमचा पत्ता कळतो आणि तुम्हाला समोरचं दिसत नाही. बिनधुराच्या दारूने दोन्ही त्रास गेले, आणि जोर इतका वाढला की गोळी निम्म्याहून थोडी जास्त जाडीची असली तरी चालू लागली. .५७७वरून .३०३. शिशाची उघडी गोळी एवढ्या वेगात आट्यांतून नीट जाईना, म्हणून तिच्यावर कठीण धातूचं कवच चढलं.

आणि इथे पुन्हा डमडम. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेनंतर सरहद्दीवरचे अधिकारी तक्रार करू लागले : ही बारीक, कवचाची गोळी माणसातून आरपार जाते आणि तो पळतच येतो. जुन्या मार्टिनीची गोळी आडवा करायची. मग डमडमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. गोळी अंगात शिरली की फुलायची. जखम भयंकर. बंगालमधल्या एका गावाचं नाव जगभरच्या शब्दकोशांत गेलं ते असं.

१८९९ साली हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळीवर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा ब्रिटनने विरोध केला. त्यांचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद वाचला की अंगावर काटा येतो. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, ‘रानटी’ मात्र धावून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी, असा त्याचा मथितार्थ. गोळीच्या रचनेवरच्या चर्चेत माणसांचे दोन वर्ग! ठराव झाला, ब्रिटनने तो १९०७ साली मान्य केला. १९१०च्या सुमारास .३०३चा सातवा नमुना आला, टोकदार गोळीचा. वजन सुमारे ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला ७४४ मीटर. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका भराव होता, त्यामुळे बूड जड. आत शिरल्यावर ती कोलांटी घेते. फुलत नाही, म्हणजे ठरावाचं अक्षर पाळलं गेलं. पुढे आपण ‘सभ्य गोळी, असभ्य गोळी’ असे वाद ऐकले की हे लक्षात ठेवायचं.

बाजारातल्या काडतुसांचं काय? इथली कथा माझी सगळ्यात आवडती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० मापावर बंदी आणली. कारण मार्टिनीच्या चोरीच्या बंदुका सरहद्दीवर फिरत होत्या आणि .४५०ची गोळी बाजारात मिळाली तर त्यांना दारूगोळा मिळणार. झालं! वाघ-हत्तीच्या शिकारीला येणाऱ्या साहेबलोकांची पंचाईत. तर लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं, .४६५, .४७० अशी अधलीमधली मापं काढली. जनावराला फरक कळणार नाही, कायद्याला कळेल, एवढाच हिशेब. आजही आफ्रिकेत हत्तीच्या बंदुकीचं नाव निघालं की .४७० आठवते. ती जन्माला आली आपल्याकडच्या सरकारी भीतीतून. (जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, ते काडतूस म्हणजे जर्मन माउझरचं ७ × ५७ मिलिमीटरच. इंचात नाव दिलं की ते इंग्रज वाटतं.)

.३०३ही खाजगी माणसाला वर्ज्य. मग परवान्यावर द्यायची कुठली? बीएसए कंपनीने .३१५ची रायफल आणली. ते काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, ८ × ५० मिलिमीटर, १८९०च्या आसपासचं. ब्रिटिश सैन्यात ते नव्हतं, म्हणून निर्धोक. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य १९१८ साली बुडालं, इंग्रज १९४७ साली गेले, पण .३१५ आपल्याकडेच राहिली. स्वतंत्र भारताने १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘प्रतिबंधित’ आणि ‘अप्रतिबंधित’ बोर ही विभागणी चालू ठेवली. लष्करी मापं सामान्यांना बंद, .३१५, .३२, बारा बोर खुली. आपल्याच सरकारी कारखान्यांत .३१५च्या रायफली बनत आल्या. आणि काडतूस ज्या मापाचं मिळतं त्या मापाचा कट्टा बनतो. म्हणून उत्तरेकडच्या बातम्यांत ‘.३१५ बोरचा कट्टा’ इतका दिसतो. हॅब्सबर्ग सम्राटाला हे कळलं असतं तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

थ्री नॉट थ्रीकडे परत येऊ, कारण तिचा सगळ्यात काळा दिवस राहिला. १३ एप्रिल १९१९, अमृतसर. जालियनवाला बागेत डायरने ५० रायफलधारी शिपाई उभे केले. सुमारे दहा मिनिटं गोळीबार. १,६५० फैरी. हा आकडा डायरने स्वतः दिला. माणशी ३३ काडतुसं. ली-एनफिल्डच्या खोक्यात दहा मावतात, पाच-पाचच्या पट्टीने भरतात. म्हणजे प्रत्येकाने त्या दहा मिनिटांत निदान दोनदा-तीनदा तरी थांबून बंदूक पुन्हा भरली. पाच काडतुसांची पट्टी काढायची, वरून खोबणीत बसवायची, अंगठ्याने दाबायची. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, भारतीय अंदाज त्याहून पुष्कळ मोठे. मला ते थांबणं विसरता येत नाही. बंदूक भरताना हात थांबतात, समोरचं दिसतं, आणि मग पुन्हा सुरू.

आणि ते शिपाई गोरे नव्हते. गुरखे, बलुच, सरहद्दीवरचे. साठ वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून काडतूस एक पायरी मागचं दिलं, त्याच्याच हाती आता नवं काडतूस होतं. कुणावर रोखायचं ते मात्र साहेब सांगणार होता.

आता तुलनेचा भाग, ज्यासाठी तुम्ही थांबला असाल. आकडे सुमाराचे धरा, कारण प्रत्येक देशाचं आणि नमुन्याचं थोडं वेगळं असतं.

.३०३चं आख्खं काडतूस साधारण २५ ग्रॅमचं. गोळी नळीतून सुटताना तिच्यात ऊर्जा ३,१०० ज्यूलच्या आसपास. ७.६२ × ५१ तेवढंच जड, ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या घरात. एके-४७चं ७.६२ × ३९ मात्र साधारण साडेसोळा ग्रॅमचं आणि ऊर्जा २,००० ज्यूल. ५.५६ × ४५ फक्त १२ ग्रॅमचं. गोळी चारच ग्रॅमची, पण वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर, म्हणून ऊर्जा १,७०० ज्यूल. पिस्तुलाचं ९ × १९ त्याच १२ ग्रॅमचं, पण ऊर्जा जेमतेम ५००. बघा, नऊचा आकडा सगळ्यात मोठा आणि जोर सगळ्यात कमी. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

आता शिपायाच्या पाठीवर तीन किलो काडतुसं द्या. .३०३ असेल तर १२० मिळतील. ७.६२ × ३९ असेल तर १८०. ५.५६ असेल तर २५०. प्रत्येक सैन्याने गेल्या शतकात हाच हिशेब केला. दुसऱ्या महायुद्धात लक्षात आलं, बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आत होतात. मग हजार मीटर मारणारं काडतूस का वागवायचं? जर्मनांनी पुंगळी आखूड केली, ७.९२ × ३३. रशियनांनी ७.६२ × ३९ काढलं. काडतूस आखूड, धक्का कमी, म्हणून खांद्याला लावून सलग झाडता येतं. ब्रिटिशांनीही .२८०चं मधलं काडतूस तयार केलं होतं, पण अमेरिकेने हट्टाने नाटोच्या गळ्यात ७.६२ × ५१ बांधलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वतःच ५.५६कडे वळली.

आपण नाटोत नव्हतो. तरी काडतुसं नाटोचीच घेतली. पण त्याआधी १९६२ झालं.

लडाखमध्ये, रेझांगलाला १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊँ पलटणीच्या तुकडीकडे .३०३च होत्या. दर गोळीला बोल्ट मागे-पुढे करायचा. समोर चिनी सैन्य ७.६२ × ३९च्या अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित बंदुका घेऊन. आता वरचे आकडे आठवा. एकेक काडतूस शेजारी ठेवलं तर आपलं मोठं होतं! दीडपट ऊर्जा, लांबचा मार. पण लढाई एकेका काडतुसाची नसते. एका मिनिटात किती, आणि संपल्यावर पुढची किती, हे विचारलं की छोटं काडतूस जिंकतं. त्या तुकडीतले बहुतेक सगळे जण मारले गेले, जागा न सोडता.

त्यानंतर ईशापूरची ७.६२ × ५१ची एसएलआर आली, वीस काडतुसांच्या खोक्याची. भुसावळजवळ वरणगावचा आयुध कारखाना १९६४चा, तोही याच धडपडीतला. तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनू लागली. आपल्या खडकीचा कारखाना तर १८६९पासून आहे. नव्वदच्या दशकात इन्सास आली, ५.५६ × ४५ची. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची खोकी तडकल्याच्या तक्रारी आल्या, पण तो दोष काडतुसाचा नव्हता. ५.५६बद्दल एक लोकप्रिय सिद्धान्त तुम्ही ऐकला असेल : ‘ही मुद्दाम जखमी करण्यासाठी आहे, म्हणजे एकाला उचलायला दोघे लागतात.’ ऐकायला हुशार वाटतं. मला तो नंतर जोडलेला वाटतो. वजन आणि धक्का कमी हवा होता, एवढं कारण पुरेसं आहे. काश्मीरमध्ये घराघरांत लढणाऱ्या जवानांनी मात्र एकेच पसंत केली. आणि २०१९नंतर सैन्याने पुन्हा ७.६२ घेतली, तीही दोन : सिग ७१६साठी × ५१, एके-२०३साठी × ३९. नाव एक, काडतुसं दोन, पुरवठ्याचे ट्रक दोन. मैवंद आठवलं की नाही?

सैन्य असं पुढे गेलं, पोलीस मागे राहिले. सैन्याने टाकलेली थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आली. साहेबाने खाली ठेवलेली स्नायडर शिपायाला, तसंच. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीच्या फलाटांवर दोघे जण एके घेऊन शिरले. एका खोक्यात तीस काडतुसं, बोट दाबलं की सुरू. तिथल्या पोलिसांकडे होत्या .३०३ किंवा नुसत्या काठ्या. सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं गेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी एकेची नळी हाताने धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याकडे फक्त लाठी होती. तिथेही एकेक काडतूस मोजलं तर थ्री नॉट थ्रीचंच जड भरतं.

उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी .३०३ला औपचारिक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२०च्या संचलनात. काडतूस स्वीकारल्याला तेव्हा १३२ वर्षं झाली होती.

कधी संग्रहालयात जुनी पुंगळी दिसली तर बूड बघा. तिथे कारखान्याची अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. ‘के’ आणि ‘एफ’ असेल तर ती आपल्या खडकीची.